मधे जाड, कडेला पातळ

डॉक्टरांनी मला रोज सकाळी पाऊण तास चालायला सांगितलं आहे. मी रोज सकाळी पाऊण तास मेहरूण तलावाच्या काठी सिमेंटच्या एका बाकावर बसतो. घरी आल्यावर बायको विचारते, "जाऊन आलात?" मी म्हणतो, "आलो." दोघांचंही खरं असतं.

बाकावर बसून मी धुळ्यात चालायचो. माझी मोठी बहीण, अक्का, धुळ्याला राहते. प्राथमिक शाळेत मास्तरीण होती, निवृत्त झाली. भाऊजी गेले, मुलगी सुरतेला दिली. तीन खोल्या, वर गच्ची आणि खालच्या मजल्यावर भाडेकरू काकू, एवढा तिचा संसार. तिचा एक ब्लॉग आहे, 'गच्चीवरून' नावाचा. रोज सकाळी सहाला त्यावर चार-सहा परिच्छेद येतात. आज पांझरा नदीच्या काठाने कुठवर गेले, पुलावर कोण भेटलं, दूधवाल्याची सायकल कशी कुरकुरते, कोणत्या गल्लीत कोणाकडे काय शिजतंय. मी सव्वासहाला बाकावर बसून ते वाचायचो. वाचता वाचता समोरचा मेहरूण तलाव हळूहळू वाहायला लागायचा, त्याची पांझरा व्हायची, पलीकडच्या काठावरची झाडं सरकत जाऊन देवीच्या देवळाच्या बाजूला उभी राहायची, आणि मी अक्काच्या दोन पावलं मागे, लहानपणी शाळेत जाताना चालायचो तसा, चप्पल घासत चालायला लागायचो. चालायची ती, घाम मला यायचा. डॉक्टरांना आणखी काय पाहिजे?

फक्त अडचण एवढीच होती, की अक्का माझ्याशी तीन वर्षं बोलत नव्हती.

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझी बाजू घ्यायची तसदी नको. माझाही ब्लॉग आहे. तो तिच्या आधीचा. नाव 'नळाच्या वेळी', कारण आमच्याकडे नळाला पाणी यायची वाट बघत ओट्यावर बसल्या बसल्या मी तो लिहितो. जळगावचे रस्ते, जळगावचं ऊन, केळीवाले, सोनारांच्या दुकानांसमोर उगाच उभे राहणारे लोक, असं काहीबाही. वाचक मोजके. त्यातले निम्मे नात्यातले, उरलेल्यांना मी दुसरंच काही शोधताना सापडलो असणार. तर तीन उन्हाळ्यांपूर्वी मी बिबड्यांवर लिहिलं. आमच्याकडे खानदेशात उन्हाळा लागला की ज्वारी भिजवून, दळून, तिखट-लसूण-तीळ घालून तिचा मोठ्या पातेल्यात घाटा शिजवतात, आणि तो गरम असतानाच ओल्या धोतरावर हाताने थापून गच्चीवर वाळवतात. ते बिबडे. अक्का दर वर्षी एक पत्र्याचा डबा भरून बिबडे मला पाठवायची. धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरच्या हवाली करायची, मी जळगावच्या स्टँडवर उतरवून घ्यायचो. डब्याचं झाकण जुन्या साडीच्या कापडाने शिवलेलं आणि त्यावर मास्तरणीच्या वळणदार अक्षरात फक्त दोन शब्द: 'भाऊ, जळगाव'. इतक्या मोठ्या गावात तो डबा कधी चुकला नाही.

त्या लेखात मी लिहिलं, की आमच्या अक्काचे बिबडे कडेला पातळ आणि मधे असे जाड, की तळताना कडा करपतात तरी मधली ज्वारी अजून शेतातच उभी असते.

मला ते वाक्य फार आवडलं होतं. लिहिल्यावर मी एकटाच हसलो होतो, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

कोणीतरी ते धुळ्याला पाठवलं, आणि अक्काच्या गल्लीतल्या बायकांत ते मोठ्याने वाचलं गेलं. त्या गल्लीत उन्हाळ्यात बायका एकमेकींकडे पाळीपाळीने बिबडे करायला जातात, आणि पहिला बिबडा थापायचा मान वीस वर्षं अक्काचा होता. त्या वर्षी तिला बोलावलं, पण घाटा ढवळायला. थापायला नाही. हे मला भाचीने फोनवर सांगितलं. मी लेख त्याच दिवशी काढून टाकला, पण गल्लीतून काढून टाकायची सोय कुठे असते! मी फोन केला. अक्का शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाली, "आपण मोठे लेखक आहात. आमच्यासारख्यांना कशाला फोन?" अक्का माझ्याशी अहिराणी सोडून पुस्तकी बोलायला लागली की समजायचं, दार लागलं. त्यानंतर फोन उचललाच नाही. डबाही आला नाही. आणि महिन्याभरात तिने स्वतःचा ब्लॉग काढला.

बायको म्हणाली, "आता बघा. वन्संनी लिहायला घेतलं, तुमचं दुकान बंद."

खरंच तसं झालं. अक्का माझ्यापेक्षा चांगलं लिहायची. मी 'सुंदर सकाळ' लिहून मोकळा व्हायचो, ती लिहायची की लळिंगचा डोंगर आज शाळेच्या फळ्यासारखा दिसतो, नुकताच ओल्या फडक्याने पुसलेला. तिच्या धुळ्यात गुलाबी चुन्याचं एक घर होतं, शेवाळी झालेली एक टाकी होती, कोणाच्या तरी दोरीवर रोज वाळणारी एक जांभळी चादर होती. त्या चादरीत मी इतका गुंतलो होतो, की एके दिवशी ती नव्हती तर मला चुकचुकल्यासारखं झालं. माझं मात्र त्या धुळ्यात कुठेच नाव नव्हतं. भाऊ नाही, जळगाव नाही, बिबडे तर नाहीतच.

राहवेना तेव्हा मी एक शहाणपणा केला. 'एक वाचिका, नाशिक' असं नाव घेऊन तिला प्रतिक्रिया लिहायला लागलो. पहिली प्रतिक्रिया फार विचार करून लिहिली: "ताई, तुमचं लिखाण वाचताना घाटा डब्याच्या झाकणात घेऊन कच्च्या तेलाशी खाल्ल्याचा आनंद मिळतो." अक्काने उत्तर दिलं: "आभारी आहे, ताई." मग आमची ओळख वाढली. एकदा तिने विचारलं, "तुमचं जळगावला कोणी असतं का?" मी घाबरून लिहिलं, "नाही हो, जळगावला कोणीच नाही." तिचं उत्तर आलं, "बरं आहे. तिथली माणसं लिहितात फार."

त्या दिवशी मी बाकावरून जरा लवकर उठलो.

मागच्या हिवाळ्यापासून अक्काचं लिखाण बदललं. आधी विरामचिन्हं गेली. एकेक परिच्छेद एका श्वासात यायला लागला, जणू कोणी कानाशी बसून सांगतंय. मला वाटलं, नवा प्रयोग दिसतो. मग आवाज आले. पांझरेचं पाणी दगडाच्या कुठल्या बाजूने जातं ते तिच्या लेखात ऐकू यायचं. पुलावरून गेलेली बैलगाडी रिकामी होती की भरलेली, ते चाकावरून कळायचं. हिवाळ्यात कुठल्या शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजत होते, त्याचा धूर तिच्या शब्दांतून माझ्या नाकात जायचा आणि मला मेहरूणच्या काठावर सकाळी सकाळी भरीत-भाकरीची भूक लागायची. वाचक वाढले. लोक लिहायला लागले, 'ताई, लेखणीला खोली आली.' कुठल्या कुठल्या गावचे लोक! नाशिकच्या बाईंनीही लिहिलं, 'शैली अंतर्मुख झाली आहे.' अंतर्मुख हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच वापरला, आणि तोही बाई होऊन.

मला हेवा वाटला. सख्ख्या बहिणीचा वाटतो तसा, म्हणजे थोडा अभिमान मिसळलेला, पण हेवाच. मी ठरवलं, आपणही आवाजांवर लिहायचं.

चैत्र सरत आला होता. ऊन सकाळी सातलाच डोळ्यांवर यायला लागलं होतं. मी बाकावर बसलो, मांडीवर वही घेतली आणि डोळे घट्ट मिटले. पहिली पाच मिनिटं स्वतःच्या पोटाचाच आवाज येत होता. मग हळूहळू तलाव आला. काठाला टेकून परत जाणारं पाणी. एका चालणाऱ्याचे बूट, एक कोरडा, एक कचकच करणारा. टिटवी. दूर कोणीतरी बादली उपडी करून तळाला दोन थापा मारल्या. कण्हेरीजवळून उन्हाची एक झुळूक आली, तिला तापलेल्या डांबराचा वास होता. मला पेंगल्यासारखं झालं. वाटलं, जळगाव विरघळून गेलंय आणि मी अशा एका गावात बसलोय, जिथे सगळ्या गोष्टी फक्त कानाजवळून जातात. डोळे न उघडताच मी वहीत अंदाजाने लिहीत गेलो.

दहा मिनिटांनी डोळे उघडले आणि वही बघितली. अक्षरं ओळी सोडून उतरलेली, एकावर एक चढलेली. पूर्णविराम एकही नाही. आणि मजकूर हुबेहूब अक्काचा.

वही मांडीवर तशीच राहिली. डोळे मिटून जसं लिहिलं जातं तसं ती लिहीत होती. रोज, हिवाळ्यापासून.

मी फोनवर मागे मागे जायला लागलो, तिचे लेख उलटे वाचत. मी रंग शोधत होतो. चैत्रात एकही नाही. फाल्गुनात होळीच्या दिवशी ढोलकीचा आवाज होता, गोवऱ्यांचा वास होता, रंग नाही. संक्रांतीला एकदाच लिहिलं होतं, 'आकाशात रंगीबेरंगी पतंग'. मी तिथे थबकलो. रंगीबेरंगी हा शब्द अक्काने कधी लिहिला नसता. तो माझ्यासारख्या आळशाचा शब्द, किंवा ज्याला आकाशात नक्की काय आहे हे दिसत नाही त्याचा. आणखी मागे गेलो. दिवाळी. झेंडूची माळ 'केशरी, कडेला जरा मातकट'. तो शेवटचा रंग. त्यापुढे अक्काच्या धुळ्यात काहीही कुठल्याच रंगाचं नव्हतं, आणि आम्ही सगळे तिची पाठ थोपटत होतो.

घरी आलो. बायको ओट्यापाशी कैऱ्या फोडत होती. तिला सांगितलं. तिने विळी बाजूला ठेवली.

"आणि तुम्ही काय लिहिलंत त्यावर?"

"शैली अंतर्मुख झाली."

तिने माझ्याकडे बघितलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण असं तिने फार वेळा बघितलेलं नाही. मग म्हणाली, "फोन करू नका. फोन उचलणार नाहीत, आणि उचलला तर 'मला सगळं दिसतं' म्हणतील. उद्या पहिल्या गाडीने जा."

"आणि बोललीच नाही तर?"

"नाही बोलल्या तर निदान दिसाल तरी का त्यांना, तेवढं बघून या."

सकाळच्या एसटीत खिडकीशी बसलो. मांडीवर बायकोने दिलेली केळ्यांची फणी आणि कैऱ्यांची पिशवी. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. नांगरून ठेवलेली काळी शेतं, मधूनच केळीचा एखादा ओला पट्टा, रस्त्याकडेला निंबाला नवी पालवी. मी पहिल्यांदाच नीट बघत होतो. एवढी वर्षं या रस्त्याने गेलो, ब्लॉगवर त्याबद्दल लिहिलंही, पण निंबाची पालवी कोवळी असताना हिरवी नसते, तांब्यासारखी असते, हे मला ठाऊक नव्हतं. अक्काला ठाऊक होतं. तिने लिहिलं होतं, मी वाचलं होतं आणि वाटलं होतं, काय छान कल्पना आहे.

खालच्या काकूंनी दार उघडलं. मला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. "तुम्ही कसे? मी कोणाला सांगितलं नाही हो. शपथ घातली होती अक्कांनी."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकलाय म्हणे. ऑपरेशन करा म्हटलं तर अंगावर येतात. पोरीचा व्हिडिओ कॉल आला की फोन कानाला लावून धरतात. सहा महिने झाले, पोरीला नुसता आईचा कान दिसतोय."

जिन्याच्या कठड्याला वरपर्यंत सुती दोरी बांधलेली होती. तिला धरून मी चढलो. वर गच्चीवर घाट्याचा वास भरून राहिला होता, लसूण, तीळ आणि वाफाळलेली ज्वारी. मधोमध ओलं धोतर पसरलेलं, आणि अक्का त्याच्या कडेला बसून एकटीच बिबडे थापत होती. डाव्या हाताने आधीच्या बिबड्याची कड चाचपायची, चार बोटं अंतर मोजायची, तिथे गोळा ठेवायची, पाण्याचा हात लावून फिरवत फिरवत पसरायची. ओळ अगदी सरळ होती. शाळेत मुलांना उभं करायची तशी.

तिने मान वर केली नाही.

"चप्पल घासत चालायची सवय गेली नाही म्हणायची," ती म्हणाली. "या. बसा. जळगावचे मोठे लेखक."

पुस्तकी मराठी. दार लागलेलंच होतं. मी टाकीला टेकून बसलो.

"अक्का, तुला दिसत नाही."

"मला सगळं व्यवस्थित दिसतं."

"माझ्या शर्टाचा रंग कोणता?"

तिचा हात क्षणभर थांबला. मग परत फिरायला लागला. "तुमचा शर्ट मळकाच असणार. मळक्याला रंग काय विचारायचा?"

मला हसू आलं. ती थापत राहिली. गच्चीवर ऊन सरकत सरकत तिच्या पायांपाशी आलं होतं. मीच विषय काढला.

"तुझी सकाळची फेरी? नदी? तो पूल?"

"ती खुर्ची बघा," तिने हनुवटीने दाखवलं. कोपऱ्यात वेताची खुर्ची होती, पण तिने दाखवलं त्याच्या जरा डावीकडे. "पहाटे तिथे बसते. वीस वर्षं चालले त्या वाटेने, वाट पाठ आहे. मनात चालते आणि फोनला सांगते. तो लिहितो. लोकांनी लिहिलेलंही तोच वाचून दाखवतो."

"मग सांगायचं ना लोकांना, की आता जात नाही!"

"कसं सांगणार? नाशिकची एक बाई आहे. सव्वासहाला हजर असते. तिचं जळगावला कोणीच नाही." अक्काने पाण्याचा हात झटकला. "म्हटलं, बिचारीला रोज फिरवून आणावं."

मी टाकीकडे बघायला लागलो. तिच्याकडे बघायची सोयच नव्हती.

"कधी ओळखलंस?"

"पहिल्या दिवशी. डब्याच्या झाकणात घेऊन घाटा कच्च्या तेलाशी खाणारी माणसं जगात किती? आईने नैवेद्याआधी शिवायचं नाही म्हणून बजावलं होतं, तेव्हा माहेरच्या टाकीच्या मागे बसून तू नि मी, दोघंच खायचो. नाशिकची बाई कोणी नव्हती तिथे."

'तू' म्हणाली. मी ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. दाखवलं असतं तर परत 'आपण' झालो असतो.

म्हणजे इतके महिने मी जळगावात बाकावर बसलो होतो, ती धुळ्यात खुर्चीवर बसली होती, आणि दोघं मिळून रोज पांझरेच्या काठाने चालत होतो. कोणाचंच पाऊल हललं नव्हतं, आणि तरी मला आठवतं, त्या वाटेवर आम्ही बरोबर होतो. मागच्या महिन्यात पुलावर ती जरा थांबली होती. मला वाटलं होतं, पाणी बघतेय. आता वाटतं, मी मागे राहिलो होतो म्हणून थांबली असेल.

"ऑपरेशन का नाही करत?" मी विचारलं.

"सावल्या दिसतात अजून. खिडकी कुठे, दिवा कुठे, माणूस उभा आहे की खांब, कळतं. हात लावू दिला आणि तेवढंही गेलं तर?" तिने पुढचा गोळा उचलला, पण ठेवला नाही. "आणि दुसरं सांगू? हसू नको. आधी माझं कोणी वाचत नव्हतं. दिसायचं बंद झालं आणि माणसं यायला लागली. परत दिसायला लागलं तर मी परत तुझ्यासारखंच लिहीन."

तिच्या हिशेबात जे काही कमी प्रतीचं ते माझ्या नावावर असायचं, हेही त्यात जमा झालं. मी म्हटलं, "डोळ्याला पट्टी असेल तेवढे दिवस मी लिहितो तुझा ब्लॉग. तू सांग, मी लिहितो. वाचक कुठे जात नाहीत."

"तू? बरं, आज काय दिसतंय सांग बघू. आत्ता. इथून."

मी इकडेतिकडे बघितलं. "आकाश निळं आहे."

"कसलं निळं?"

"निळं म्हणजे... निळं. स्वच्छ."

"आठ वर्षं ब्लॉग लिहितो आणि म्हणे स्वच्छ," अक्का म्हणाली. "बस खाली. हात बांध. परत बघ."

चोपन्नाव्या वर्षी मी धुळ्याच्या गच्चीवर हाताची घडी घालून बसलो आणि आकाशाकडे बघितलं. आकाश एकसारखं नव्हतंच, हे हळूहळू दिसायला लागलं. डोक्यावर एक होतं, लळिंगकडे जाता जाता दुसरंच होत होतं.

"डोक्यावर, आपल्या शाळेच्या सदऱ्याला आई नीळ घालायची ना, तसं," मी म्हणालो. "नवीन नाही. तीन धुण्यांनंतरचं. आणि लळिंगच्या किल्ल्याकडे नीळ संपलीय, नुसतं पाणी उरलंय. त्याच्या खाली धूळ. धुळीला जरा गव्हाच्या कोंड्याचा रंग."

अक्काचा हात गोळ्यावर तसाच थांबला होता. ती किल्ल्याच्या दिशेने तोंड करून बसली होती, आणि या वेळी दिशा बरोबर होती.

"आणि ती चादर?" तिने विचारलं. "जांभळी. वाळत घालतात का अजून?"

मी उठून कठड्यापाशी गेलो. "घालतात. पण आता ती जांभळी नाही राहिली. मधे पार विटलीय, कडेला तेवढी जांभळी आहे."

तिने हातातला गोळा बाजूला ठेवला. मग घाट्याच्या पातेल्याकडे हात नेला, चाचपून डब्याचं झाकण शोधलं, त्यात एक मोठा गोळा घातला, मधे अंगठ्याने खळगा केला आणि बाटलीतून तेल सोडलं. थोडं बाहेर सांडलं.

"कितला दिन ऱ्हाशी?" तिने विचारलं. किती दिवस राहणार.

तीन वर्षांनी अहिराणी ऐकली. "तू म्हणशील तितले."

"मग घाटा खाय ले आधी. थंडा व्हई ऱ्हायना."

मी खाल्ला. तिनेही त्याच झाकणातून खाल्ला. मग उरलेल्या घाट्याचे बिबडे ती थापत गेली आणि मी तिला पाणी देत गेलो. थापू दे म्हटलं, तर म्हणाली, "तू लेखक माणूस, बाजूला बस."

ती चादर आपणच बघू म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आत नेताना तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की नर्सने एकेक बोट सोडवलं. भाची सुरतेहून आली, आईचा चेहरा सहा महिन्यांनी सबंध बघून रडली, मग भांडली. आदल्या संध्याकाळी अक्काने मला लेख सांगितला होता. मी लिहून घेताना दोन ठिकाणी माझे शब्द घुसवले. वाचून दाखवल्यावर तिने दोन्ही जागी मला थांबवलं आणि म्हणाली, "हे माझं नाही. काढ."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. ती बराच वेळ पापणी उघडेना. डॉक्टर म्हणाले, "अक्का, उघडा आता, घाबरू नका." मी समोरच्या स्टुलावर बसलो होतो, हातांची घडी घालून, का कोण जाणे. तिने डोळा उघडला. पाणी आलं, ते पुसायला तिला मनाई होती. ओल्या डोळ्यानेच तिने माझ्याकडे बघितलं, आधी तोंडाकडे, मग केसांकडे, मग खाली.

"शर्ट मळकाच शे," ती म्हणाली.

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे दिसतंय."

मी जळगावला परतलो त्या सकाळी ती काळा चष्मा लावून गच्चीवर आली. बिबडे वाळून खडखडीत झाले होते. तिने एक उचलून उन्हासमोर धरला. कडेतून ऊन आरपार येत होतं. मधे येत नव्हतं. मधे गोल काळी सावली होती. तिने दुसरा उचलला, तिसरा उचलला. मी डोंगर बघायला लागलो. अशा वेळी लळिंगचा किल्ला फार उपयोगी पडतो.

"ह्या बठ्ठा आंधळेपनना शेतस," अक्का शेवटी म्हणाली. हे सगळे आंधळेपणातले आहेत. "ह्या धरू नको."

"नाही धरत."

"पुढल्या सालना बघजो."

आणि तेच सगळे तिने पत्र्याच्या डब्यात भरले. झाकणावर कापड शिवायला सुई ओवता येईना, तर काकूंकडून ओवून घेतली, पण टाके स्वतः घातले. वर लिहिलं, 'भाऊ, जळगाव'. अक्षर जरा उतरतं होतं, पण वळण तेच. मी म्हटलं, "मी घेऊन चाललोय ना, नाव कशाला?" ती म्हणाली, "तू विसरशील कोणाचा ते."

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी बाकावर होतो. खिशात कागदात गुंडाळलेला एक भाजलेला बिबडा. तिचा लेख आला होता, भाचीने लिहून घेतलेला, पूर्णविरामांसकट. खुर्चीच्या वेताचा रंग होता, चष्म्याच्या काळ्या काचेतून दिसणाऱ्या टाकीचा रंग होता, काकूंच्या लुगड्याच्या काठाचा होता, आणि मधे विटून कडेला तेवढीच जांभळी उरलेली एक चादर होती. प्रतिक्रिया एकही नव्हती. लोकांना आवाज हवे होते. मी तलावाकडे बघितलं. तो आज वाहत नव्हता, तलावच होता, काठाला हिरवट आणि मधे शिशासारखा.

नाशिकच्या बाईंनी लिहिलं, "ताई, आज रंग दिसले. फार बरं वाटलं."

उत्तर पाच मिनिटांत आलं.

"आभारी आहे, बाई. बिबडे कसे लागले?"

मी खिशातला बिबडा काढून एक तुकडा मोडला. कड तोंडात टाकताच विरघळली. मधला भाग दाढेखाली धरला आणि काय लिहावं याचा विचार करत बसलो. चावून व्हायला अजून बराच वेळ होता.